सहली काढणाऱ्यांस अकोले तालुक्यातून एक खुले पत्र

प्रति,
पुण्या-मुंबईहून आणि नाशिकहून सह्याद्रीत सहली व ट्रेक घेऊन येणारे सर्व आयोजक



येत्या हंगामाच्या तुमच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागल्या आहेत. काजवा महोत्सव, कळसूबाई नाइट ट्रेक, सांदण दरीत कॅम्पिंग, हरिश्चंद्रगडावर तंबूत मुक्काम. डोंगर आमचे, चूल आमच्या मावशीची, फोटो कुणाचा तरी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘जागा मर्यादित’. जागा मर्यादित आहे हे अगदी खरं. पण तुम्ही मोजता त्या बसमधल्या सीटा. घाटघर-रतनवाडीच्या अरुंद रस्त्यावर किती जागा आहे, हे कुणी मोजत नाही. एकाच शनिवारी तुम्ही सगळे मिळून तिथे किती माणसं आणता, याचा हिशेब तुमच्यापैकी एकाकडेही नसतो. म्हणून हे पत्र.

मी अकोले तालुक्यातला. शोधताना विदर्भातल्या अकोल्याला जाऊ नका; आमचा तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, नाशिक, ठाणे आणि पुणे या तिन्ही जिल्ह्यांना खेटून आहे. डोंगरातली बहुतेक गावं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. भाताचं एक पीक निघालं की शेतीचं काम संपतं. हिरड्याच्या भावाचा भरवसा नसतो. मग घरातली तरणी माणसं नारायणगावच्या बाजारात मजुरीसाठी उभी राहतात. अशा गावात सुट्टीला चार पाहुणे आले, मुक्कामाला राहिले, तर ते कुणाला नको आहे? आमच्या पोरांनी तंबू घेतले, घराच्या पडवीत खाटा टाकल्या, वाटाडे झाले, ते याच आशेने. तेव्हा पर्यटन बंद करा असं सांगायला मी बसलेलो नाही. तुम्ही आमचा तालुका ज्या रीतीने विकता, तिच्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात काजव्यांपासून करतो, कारण तुमचा हंगामही तिथूनच सुरू होतो. मे संपत आला, वळवाच्या सरी येऊन हवा दमट झाली की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे दिसू लागतात. पाऊस जोर धरेपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत धरा, हा खेळ चालतो. कधी अख्खं झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. तो उजेड आपल्या करमणुकीसाठी नसतो, नर-मादीची ती एकमेकांना दिलेली हाक असते. अळीपणाचे महिनोन्‌महिने ओल्या मातीत आणि पाचोळ्यात, गोगलगायी खात काढलेले असतात. पंख फुटल्यावर मात्र हाती थोडेच दिवस. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, आणि संपलं.

नेमक्या त्याच रात्री तुमच्या गाड्या रांगेने येतात. गाडीचे दिवे झाडावर, मोबाइलचे टॉर्च झाडावर, वर स्पीकर. इतक्या उजेडात काजव्याला काजवा दिसत नाही. शिवाय अनेक जातींच्या माद्या जमिनीलगत, गवतात बसलेल्या असतात. वर बघत चालणाऱ्या पाहुण्याच्या बुटाखाली त्या जातात आणि पाहुण्याला ते कळतही नाही. काजव्यांचा हा पट्टा १९८६पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. वन खातं रात्रीच्या प्रवेशाच्या वेळा ठरवतं, फलक लावतं. तुमचा लीडर मात्र ‘आत अजून एक भारी झाड आहे’ म्हणत बॅच पुढे काढतो, कारण शनिवारी पैसे मोजून आलेल्यांना ‘फुल’ झाड दाखवायचं असतं. असंच चालू राहिलं तर तुमच्या जाहिरातीतला माल संपेल, एवढं तरी व्यापाऱ्याच्या नजरेने बघा. गाड्या गावात लावा. पुढे पायी न्या, अंधारातच न्या. पाच-दहा मिनिटांत डोळे सरावतात. टॉर्च लागलाच तर लाल कागद लावून, पायाखाली धरून. आणि सगळ्या बसेस भंडारदऱ्याच्याच रिंगणात कशाला? काजवे पुरुषवाडीतही असतात, आणि तिथल्या गावकऱ्यांनी पाहुण्यांची सोय स्वतः उभी केलेली आहे.

काजवे संपले की तुमचा पावसाळा सुरू होतो आणि आमची आवणी. जुलैत घरातली लहानथोर सगळी माणसं गुडघाभर चिखलात वाकलेली असतात. राब भाजून, रोपं वाढवून, चिखलणी करून खाचर तयार होतं. त्यात रोप लावायला पावसाचे ठरावीक दिवस मिळतात. अशा वेळी बसमधून उतरलेली मंडळी थेट खाचरात शिरतात. रील काढायचं असतं. कुणी नुकत्या लावलेल्या ओळीवरून चालतं, कुणी बांधावर गाडी चढवतं. बांध फुटला की पाणी जातं आणि पाण्याबरोबर रोप जातं. शेतकरी बाई ओरडली तर तिचाही व्हिडिओ निघतो. आवणी बघायची हौस असेल तर आदल्या दिवशी विचारून या, दिवसभर वाकून लावा, संध्याकाळी घरात जेवा. काही आयोजक असं करतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्यांना गावं आजही आठवणीने बोलावतात. बाकीच्यांनी रस्त्यावरून बघावं.

त्याच रस्त्यावरून आमची एसटी जाते, दूध जातं, राजूरच्या दवाखान्यात बाळंतीण जाते. रविवारी दुपारी शेंडीच्या पुढे गाड्या अडकतात तेव्हा तुमची बॅच उशिरा घरी पोचते. आमचं काय होतं ते सांगायची गरज नसावी.

आता जाहिरातींतल्या खोटेपणाविषयी. ‘अंब्रेला फॉल’ तुम्ही मे महिन्यातल्या पत्रकातही छापता. तो नैसर्गिक धबधबा नाही. भंडारदरा धरणाच्या पायथ्याशी गोल खडकावरून पाणी पडतं म्हणून तो छत्रीसारखा दिसतो, आणि धरणातून पाणी सोडलं तरच पडतो. रंधा धबधब्याचं पाणीही धरणावरच अवलंबून. प्रवरेचं पाणी वीज आणि कालव्यांसाठी ठरवून सोडलं जातं, त्यामुळे पावसाळा सरल्यावर रोज पूर येईल अशी अपेक्षा धरून लोकांना आणू नका. मग ते पाहुणे आमच्या चहावाल्याला विचारतात, ‘पाणी कधी सुरू करणार?’

धरणाची गोष्ट मात्र तुम्ही सांगत नाही, आणि ती सांगण्यासारखी आहे. १९१०मध्ये काम सुरू झालं, १९२६मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. दगडी बांधकामाची ही भिंत २७० फूट उंच आहे. हे पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला जातं. साखर कारखानदारीचा जो पट्टा तुम्ही पुस्तकात वाचता तो या पाण्यावर उभा राहिला. आणि ज्या डोंगरांवर हा पाऊस पडतो तिथल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. तलावाकाठी तंबूत बसलेल्या तुमच्या पाहुण्याला हे एका वाक्यात जरी सांगितलं, तरी आंघोळीला किती बादल्या मागायच्या याचा तो विचार करील.

देवळांकडे येतो. रतनवाडीचं अमृतेश्वर हे शिलाहारांच्या काळातलं, झंज राजाने नद्यांच्या उगमांजवळ बांधवून घेतलेल्या मंदिरांपैकी एक असं परंपरा सांगते. प्रवरेचा उगम मागच्या रतनगडावर. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची नक्षी, आतले खांब, बाजूची पुष्करणी, यांपुढे उभं राहायला अर्धा तास तरी हवा. तुमच्या वेळापत्रकात ‘टेंपल व्हिजिट’ला मिनिटं किती असतात ते तुम्हालाच ठाऊक. बरेचदा मंदिराचा उपयोग रतनगडावरून उतरलेल्या लोकांनी बूट काढून टेकायला एवढाच होतो. ओले कपडे मी स्वतः त्या कोरीव भिंतीवर वाळत घातलेले पाहिले आहेत.

हरिश्चंद्रगडावर तर याहून वाईट. चांगदेवांचा उल्लेख असलेले शिलालेख तिथे आहेत; त्यांच्यासमोर तंबूचे खुंटे ठोकायला जागा शोधणारे लोक आहेत. केदारेश्वराच्या गुहेत भलंमोठं शिवलिंग आहे, भोवती बर्फासारखं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. त्या पाण्यात उड्या मारायच्या, खांबाला मिठी मारून फोटो काढायचा, भिंतीवर कोळशाने नाव लिहायचं. पाण्याच्या टाक्यांत साबण लावून हातपाय धुतले जातात. गडावर हेच पाणी प्यायला लागतं, हे तुमच्या लीडरला माहीत असतं, कारण तासाभराने तो तिथूनच बाटल्या भरून घेतो. कोकणकड्याच्या टोकावर रांगेने झोपवून फोटो काढण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. कडा आतल्या बाजूने वळलेला आहे, टोकाखाली काहीच नाही, एवढंच एकदा सगळ्यांना सांगा.

कळसूबाईची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्याच कामाची आहे. १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, हे तुम्ही टी-शर्टवरही छापता. बाईची कथा छापत नाही. कळसू ही कोळ्याची पोर, रानात भटकायची आवड असलेली. इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती एका अटीवर: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस सुरळीत गेले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला तेच काम सांगितलं. तिने सांगितलेलं काम केलं आणि तशीच डोंगर चढून गेली, ती पुन्हा खाली आली नाही. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. नवरात्रात तिच्या देवळाशी जत्रा भरते, आसपासच्या गावांतली माणसं चढून जातात.

त्या बाईच्या डोंगरावर दर सोमवारी पायथ्याच्या बारी गावची पोरं पोती घेऊन चढतात आणि तुमच्या बॅचेसचा केर काढतात. नूडल्सचे कप, पाण्याच्या बाटल्या, रेनकोट म्हणून घेतलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या, शिड्यांच्या कठड्यात अडकलेले मास्क आणि मोजे. काही संस्था स्वच्छता मोहिमा काढतात, त्याही पुन्हा बॅनर लावून. मोहिमेची गरज नाही. माणूस वर जाताना जे नेतो ते खाली आणतो की नाही, हे बसमध्ये चढण्यापूर्वी बघा. नाही आणलं तर बस थांबवा. एकदा थांबवून दाखवा, पुढच्या वेळी सांगावं लागणार नाही.

पैशाची गोष्ट काढली की गावकरी लोभी ठरतो. तरी काढतो. ‘चुलीवरचं अस्सल गावरान जेवण’ हे तुमच्या पत्रकातलं मोठं आकर्षण असतं. रात्री अकराला निघालेली बस पहाटे पोचते, तेव्हा पोहे तयार लागतात. म्हणजे मावशी कधी उठली असेल? दुपारी भाकरी, पिठलं, इंद्रायणीचा भात, रात्री पुन्हा तेच. जाहिरातीत छापलेली रक्कम आणि ताटामागे तिच्या हातात पडणारी रक्कम शेजारी शेजारी मांडून बघा. त्यातही शेजारच्या वाडीत स्वस्त मिळतं म्हणून घासाघीस. मग वाडी वाडीशी भांडते आणि फायदा बस आणणाऱ्याचा होतो. वीस माणसं सांगून बत्तीस आणणं, ऐनवेळी बॅच रद्द करून रांधलेल्या अन्नाचे पैसे न देणं, ‘पुढच्या वेळी जमवून घेऊ’ म्हणणं, हे सगळं आम्ही पाहिलं आहे. आगाऊ रक्कम द्या. रद्द केलंत तर ती परत मागू नका. तुम्ही स्वतः तुमच्या ग्राहकांशी हाच नियम पाळता.

वाटाड्याचंही तसंच. साम्रद गावच्या पोराला सांदण दरीचा दगड न्‌ दगड ठाऊक आहे. आभाळ पाहून तो सांगतो की आज उतरायचं नाही. त्या चिंचोळ्या घळीत पाणी आलं तर बाजूला व्हायला जागा नसते. तुमच्या लीडरने ती वाट मोबाइलवर पाहिलेली असते. दोघांचं मत वेगळं पडलं की पोराला गप्प बसवलं जातं, कारण तो ‘लोकल’. आणि कुणी अडकलं, पडलं, वाट चुकलं, की बाहेरची मदत पोचेपर्यंत दोर घेऊन तोच पोरगा रात्री निघतो. त्याला गाइड म्हणा, त्याचा शब्द शेवटचा माना, त्याचा विमा तुमच्या पॅकेजमध्ये घाला.

आणि आता मुख्य तक्रार. या तालुक्यात तुम्ही चार-पाचच जागा दाखवता. बाकीच्या जागा दूर आहेत म्हणून सुटतात असंही नाही; त्यांचा फोटो पटकन विकला जात नाही, म्हणून सुटतात. आढळा नदीकाठी टाहाकारीला जगदंबेचं यादवकालीन मंदिर आहे, तीन गाभाऱ्यांचं, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पं. तुमच्या कुणाच्या पत्रकात ते नाव मी पाहिलेलं नाही. पट्टा किल्ल्यावर शिवाजी महाराज १६७९मध्ये जालन्याच्या स्वारीनंतर येऊन राहिले, म्हणून त्याचं नाव विश्रामगड झालं. चढ सोपा, लहान मुलांना, वयस्कांना नेण्याजोगा, आणि शनिवारीही तिथे गर्दी नसते. अलंग-मदन या किल्ल्यांवर तुम्ही दोर लावून लोकांना चढवता, त्याचा थरार विकता; तिथल्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८मध्ये उडवल्या म्हणून दोर लावावा लागतो, हे किती लीडर सांगतात?

देवगाव हे राघोजी भांगरे यांचं गाव. सावकार आणि इंग्रज सरकार या दोघांविरुद्ध त्यांनी बंड केलं, २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. शाळेच्या सहली या गावावरून भंडारदऱ्याला जातात आणि थांबत नाहीत. कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावठी बियाण्यांची बँक आहे. ‘बीजमाता’ म्हणून साऱ्या देशाला त्या माहीत आहेत, २०२०च्या पद्म पुरस्कारांत त्यांचं नाव आलं. शहरातल्या मुलांना वालाच्या किती जाती असतात हे तिथे दिसेल. हिवाळ्यात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. हा बैल आमच्या पावसासाठीच घडलेला. त्याच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे दिवसचे दिवस पडणाऱ्या पावसात तो टिकतो. प्रदर्शन बघून बाजारात राजूरचे पेढे घ्या. अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचं स्थान आहे, सिद्धेश्वराचं जुनं मंदिर आहे. यात दोर नाही, तंबू नाही, ड्रोन उडवायला फारसं काही नाही. पण दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत आजी-आजोबांसह आलेल्या कुटुंबाला दोन दिवस पुरून उरेल एवढं आहे. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आमचे रस्ते रिकामे असतात, हवा स्वच्छ असते, आणि मावशीच्या पडवीतल्या खाटाही रिकाम्या असतात.

तुम्ही म्हणाल, लोकांनाच काजवे आणि धबधबे हवे असतात, आम्ही काय करणार? लोकांना हे हवं असतं कारण गेली कित्येक वर्षं तुम्ही त्यांना हेच दाखवलं. ज्यांना सांदण दरीचं नावही माहीत नव्हतं त्यांना तुम्ही ते पाठ करायला लावलं. तीच ताकद टाहाकारीसाठी वापरून बघा.

एक शेवटची मागणी, आणि ती मी सर्वांत महत्त्वाची मानतो. तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायदा आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. तरीही आमच्या गावात किती तंबू लागणार, किती गाड्या येणार, हे तुमच्या कार्यालयात ठरतं आणि आम्हाला फेसबुकवरून समजतं. हंगामाच्या तारखा छापण्याआधी गावात या. बसमधून नव्हे, एकेकटे या. ग्रामसभेत बसा, किती माणसं झेपतील ते विचारा, दर ठरवा, कचऱ्याचं आणि गाड्यांचं ठरवा, ते लिहून घ्या आणि मग जाहिरात करा. मे महिना लांब नाही. एप्रिलच्या आत आलात तर बोलायला वेळ आहे. त्यानंतर आम्ही राब भाजायच्या आणि हिरडा गोळा करायच्या गडबडीत असू.



आपला,
अकोले तालुक्यातील एक रहिवासी